कागद नसलेली गाडी : अमेरिकी ‘टायटल’ची शंभर वर्षे

१/
समजा, अमेरिकेतील ओहायो राज्यात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या इंडियाना राज्यातून जुनी मोटार विकत घेतली. पैसे रोख मोजून दिले, किल्ली हातात आली आणि गाडी चालवत तो घरी पोहोचलासुद्धा. एकच गोष्ट राहिली. विक्रेता म्हणाला, “टायटल सापडत नाही, टपालाने पाठवतो.” ते टायटल कधीच आले नाही.

आता प्रश्न असा, की ही गाडी कोणाची?

उत्तर सोपे वाटते, पण त्याच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात चोर आहेत, सावकार आहेत, न्यायमूर्ती आहेत आणि एका खासदाराची न विसरता येणारी कहाणीही आहे. आजचा धागा या ‘टायटल’ नावाच्या कागदाचा.

२/
आधी शब्द नीट समजून घेऊ. अमेरिकेत गाडीची नोंदणी आणि गाडीचे टायटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी म्हणजे ही गाडी रस्त्यावर आणण्याची परवानगी. टायटल म्हणजे ही गाडी कोणाची, हे सांगणारा राज्य सरकारचा दाखला.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर टायटल म्हणजे सातबारा आणि खरेदीखत एकाच कागदावर. पुढच्या बाजूला मालकाचे नाव आणि कर्ज असल्यास त्याचा बोजा. हस्तांतराचा मजकूर बहुधा मागच्या बाजूला असतो आणि तिथे विक्रेत्याने सही करायची. त्या सहीचा कागद नव्या मालकाने सरकारी कार्यालयात नेला, की त्याच्या नावाचे नवे टायटल निघते.

३/
हा कागद नव्हता तेव्हा काय होते? तेव्हा होती घोडागाडी. घोड्याची मालकी ओळखीवर चाले. गावात कोणता घोडा कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असे. पश्चिमेकडील राज्यांत जनावरांवर डागणीची खूण असे आणि ती खूण सरकारदरबारी नोंदवलेली असे. विक्री झाली की साधी विक्रीची चिठ्ठी लिहून दिली जाई.

घोडे चोरीला जातच होते. पण चोरलेला घोडा एका दिवसात फार लांब जात नसे आणि दोन घोडे हुबेहूब सारखे नसत. रंग, कपाळावरचा टिळा, चाल यांवरून मालक आपले जनावर ओळखत असे.

४/
मोटारीने या दोन्ही गोष्टी मोडीत काढल्या. फोर्ड कंपनीची मॉडेल टी १९०८ मध्ये बाजारात आली आणि १९२७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. एकीसारखी दुसरी. शेजारी उभ्या केलेल्या दोन गाड्यांतली आपली कोणती, हे सांगायला मालकाला इंजिनावर कोरलेला क्रमांक पाहावा लागे. आणि तो क्रमांक कानशीने घासून काढता येत असे.

शिवाय वेग. सकाळी चोरलेली गाडी दुपारपर्यंत दुसऱ्या राज्यात पोहोचे. आणि अमेरिकेत राज्याची सीमा म्हणजे पोलिसांच्या अधिकाराचीही सीमा.

५/
राज्यांनी सुरुवातीला केवळ नोंदणी सुरू केली. न्यू यॉर्कने १९०१ मध्ये गाडीवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे लावणे बंधनकारक केले. मॅसॅच्युसेट्सने १९०३ मध्ये राज्याने स्वतः दिलेली क्रमांकाची पाटी आणली.

पण या पाटीचा उद्देश मालकी सिद्ध करण्याचा नव्हता. भरधाव गाडीने कोणाला धडक दिली, तर चालक सापडावा आणि रस्त्याचा कर वसूल व्हावा, एवढाच हेतू. कार्यालयात जाऊन “ही माझी गाडी” म्हणणाऱ्याला “ती तुझी कशी झाली?” असे सहसा कोणी विचारत नसे. चोरालाही नोंदणी मिळत असे.

६/
इथे कायद्याचे एक जुने तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. लॅटिन भाषेत त्याला ‘नेमो डॅट क्वॉड नॉन हॅबेट’ म्हणतात. ज्याच्याकडे जे नाही, ते तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. मराठीत हेच अधिक नेमकेपणाने सांगता येते : आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

चोराला गाडीची मालकी नाही. म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही नाही. त्याच्याकडून पुढे घेणाऱ्यालाही नाही. साखळी कितीही लांब असो आणि शेवटचा ग्राहक कितीही प्रामाणिक असो, मूळ मालक आला की गाडी त्याची.

७/
इंग्लंडमध्ये या तत्त्वाला एक गमतीशीर अपवाद होता. ‘मार्केट ओव्हर्ट’, म्हणजे मान्यताप्राप्त खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत एखाद्याने प्रामाणिकपणे वस्तू विकत घेतली, तर ती चोरीची निघाली तरी मालकी ग्राहकाची. मध्ययुगीन तर्क असा, की उजेडात, चारचौघांत वस्तू मांडली असताना मूळ मालकाने येऊन ती ओळखायला हवी होती.

ही तरतूद इंग्लंडने १९९४ च्या कायद्याने रद्द केली. अमेरिकन न्यायालयांनी ती मुळातच स्वीकारली नव्हती. त्यामुळे तिथे चोरीच्या मोटारीचा प्रामाणिक ग्राहक पहिल्यापासूनच उघड्यावर होता.

८/
आता १९१९ साली येऊ. पहिले महायुद्ध संपले आहे. देशातील मोटारींची संख्या एक कोटीच्या दिशेने चालली आहे. जनरल मोटर्सने याच वर्षी हप्त्यांवर गाडी देण्यासाठी स्वतःची वित्तकंपनी काढली. गाडी ही आता श्रीमंताची चैन उरली नव्हती. सामान्य माणसाच्या घरातली, घराखालोखाल महागडी वस्तू झाली होती.

आणि चोर राज्यांच्या सीमा ओलांडून व्यवहार करत होते. मिसुरीत चोरायची आणि इलिनॉयमध्ये विकायची. मिसुरीचे पोलीस नदीच्या काठावर थांबत. इलिनॉयच्या पोलिसांच्या लेखी त्यांच्या हद्दीत चोरी झालेलीच नसे.

९/
यावर उपाय म्हणून अमेरिकन काँग्रेसने ऑक्टोबर १९१९ मध्ये ‘नॅशनल मोटर व्हेइकल थेफ्ट अ‍ॅक्ट’ मंजूर केला. चोरीची आहे हे ठाऊक असताना गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा आता संघराज्याचा गुन्हा झाला. शिक्षा : पाच हजार डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कायदा मांडणारे होते मिसुरी राज्यातील सेंट लुईसचे प्रतिनिधी लिओनिडास डायर. म्हणून हा कायदा ‘डायर अ‍ॅक्ट’ याच नावाने ओळखला जातो. इथे क्षणभर थांबायला हवे, कारण या माणसाचे नाव आणखी एका विधेयकाला जोडलेले आहे.

१०/
सेंट लुईससमोर, मिसिसिपी नदीपलीकडे, ईस्ट सेंट लुईस हे शहर आहे. तिथे जुलै १९१७ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे भीषण हत्याकांड केले. जीव वाचवून असंख्य माणसे पूल ओलांडून डायर यांच्या शहरात आली.

डायर यांनी १९१८ मध्ये झुंडबळी, म्हणजे लिंचिंग, हा संघराज्याचा गुन्हा ठरवणारे विधेयक मांडले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रतिनिधिगृहात मंजूर झाले. सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी कामकाज रोखून धरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विधेयक गुंडाळले गेले.

११/
आता दोन्ही विधेयके शेजारी ठेवून पाहा. मांडणारा माणूस एकच. प्रश्नही वरवर सारखाच : राज्ये जो गुन्हा रोखू शकत नाहीत किंवा रोखू इच्छित नाहीत, तो संघराज्याने रोखावा का?

मोटारीच्या बाबतीत उत्तर आले, ‘होय’. माणसांच्या बाबतीत विरोधक म्हणाले, हा राज्यांच्या अधिकारातला विषय. दोन्ही कायद्यांचा घटनात्मक पाया वेगळा होता, हे खरे. मोटारीच्या कायद्याला आंतरराज्य व्यापाराच्या कलमाचा आधार होता. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. मोटारीला संघराज्याचे संरक्षण १९१९ मध्ये मिळाले. लिंचिंग हा संघराज्याचा गुन्हा ठरायला २०२२ साल उजाडावे लागले.

१२/
डायर अ‍ॅक्टच्या घटनात्मकतेला आव्हान मिळाले आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. सरन्यायाधीश होते विल्यम टाफ्ट, म्हणजे देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या निकालाचा आशय असा, की आंतरराज्य दळणवळणाच्या सोयींचा वापर दुसऱ्या राज्यांतील लोकांना अपाय करण्यासाठी होत असेल, तर तो रोखण्याचा अधिकार काँग्रेसला आहे.

याच कायद्याखाली १९३१ मध्ये आलेला एक खटला आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. एका इसमाने इलिनॉयमधून चोरलेले विमान ओक्लाहोमाला पाठवले होते. विमान हे ‘मोटर व्हेइकल’ आहे का? न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ‘नाही’ म्हटले. सामान्य माणसाच्या मनात त्या शब्दाने जमिनीवर धावणाऱ्या वाहनाचेच चित्र उभे राहते. शिक्षेचा कायदा इतका ताणता येणार नाही. पुढे १९४५ मध्ये काँग्रेसने कायद्यात विमानाचीही भर घातली.

१३/
या कायद्याचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे दरोडेखोर जॉन डिलिंजर. तो मार्च १९३४ मध्ये इंडियानातील क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून निसटला आणि पळताना त्याने चक्क तिथल्या महिला शेरीफची गाडी चोरली. ती गाडी घेऊन तो इलिनॉयमध्ये शिकागोला गेला.

बँकांवरचे दरोडे, तुरुंगफोडी हे सारे तोवर राज्यांच्या अखत्यारीतले गुन्हे होते. चोरीच्या गाडीने राज्याची सीमा ओलांडली, त्या क्षणी मात्र डायर अ‍ॅक्ट लागू झाला आणि पुढे एफबीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेला त्याच्या मागावर जाण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीच्या जुलैत शिकागोतील चित्रपटगृहाबाहेर तो मारला गेला.

१४/
पण डायर अ‍ॅक्ट चोराला पकडत होता. ग्राहकाला वाचवत नव्हता. बाजारात उभी असलेली गाडी चोरीची आहे की नाही, हे त्याने कसे ओळखावे? इथून टायटलचा जन्म होतो.

राज्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत मालकी-दाखल्याचे कायदे करायला सुरुवात केली. कल्पना साधी होती. प्रत्येक गाडीला एक कागद. गाडी विकताना तो कागद सही करून द्यायचा. कागद नसेल तर विक्री नाही. चोर गाडी पळवू शकेल, पण मालकाच्या कपाटातला कागद पळवू शकणार नाही.

१५/
या बाबतीत सर्वांत कडक निघाले ते डायर यांचेच मिसुरी राज्य. तिथल्या १९२१ च्या कायद्यात असे ठरले, की टायटलवर सही करून ते ताब्यात दिल्याखेरीज केलेली मोटारीची विक्री ‘कपटपूर्ण आणि रद्दबातल’ मानली जाईल.

मिसुरीच्या न्यायालयांनी हे शब्द अक्षरशः घेतले. ग्राहकाने पूर्ण किंमत दिली, गाडी कित्येक महिने वापरली, तिचा विमा उतरवला. पण कागद हस्तांतरित झाला नसेल, तर गाडी कायद्याने त्याची नाहीच. गाडी चोरीला गेली किंवा जळाली, तर विमा कंपनी विचारणार : तुम्ही मालक होता कुठे?

इतर अनेक राज्यांनी मवाळ भूमिका घेतली. कागद हा मालकीचा पुरावा आहे, स्वतः मालकी नव्हे. दोन पक्षांमधील प्रामाणिक व्यवहार कागदाअभावी सर्वस्वी व्यर्थ ठरत नाही, असे तिथल्या न्यायालयांनी म्हटले. म्हणजे एकच व्यवहार नदीच्या अलीकडे शून्य आणि पलीकडे वैध.

१६/
ज्या कागदाने राज्याची सीमा बुजवायची, त्याच कागदाने नव्या भेगा निर्माण केल्या. कारण सर्व राज्यांनी टायटल एकाच वेळी स्वीकारले नाही. काही राज्ये ‘टायटलची’ होती, काही ‘बिनटायटलची’. आणि ही विषमता अर्धशतक टिकली. न्यू यॉर्कमध्ये १९७३ च्या मॉडेलपासून पुढच्या गाड्यांनाच टायटल मिळाले. अलाबामात ही रेषा १९७५ च्या मॉडेलवर होती.

म्हणून आजही न्यू यॉर्कमधील १९७२ ची किंवा त्याआधीची गाडी टायटलशिवाय विकली जाते आणि तो व्यवहार पूर्णपणे कायदेशीर असतो. तिथे हस्तांतरयोग्य नोंदणी हाच मालकीचा दाखला. कागद नाही म्हणजे गाडी चोरीचीच, असा निष्कर्ष म्हणूनच घाईने काढता येत नाही.

१७/
या भेगांचा फायदा प्रथम घेतला तो कर्जबुडव्यांनी. विसाच्या दशकात नव्या गाड्यांपैकी बहुसंख्य हप्त्यांवर जात होत्या. टायटलच्या राज्यात सावकाराचा बोजा टायटलवरच लिहिलेला असे. बिनटायटलच्या राज्यात तो सरकारी दप्तरातल्या वेगळ्या नोंदीत असे.

मग युक्ती सोपी होती. बोजा असलेली गाडी बिनटायटलच्या राज्यात न्यायची, तिथे नुसती नोंदणी करायची, ती नोंदणी दाखवून तिसऱ्या राज्यात नवे, कोरे टायटल काढायचे आणि गाडी विकून मोकळे व्हायचे. हप्ते थकले की मूळ सावकार गाडी शोधत येई आणि दारात उभा असे तो शेवटचा, बेसावध ग्राहक.

१८/
आता न्यायालयापुढे खरा पेच उभा राहतो. सावकार निर्दोष आहे. त्याने आपल्या राज्यात बोजा नीट नोंदवला होता. ग्राहकही निर्दोष आहे. त्याच्या हातातल्या सरकारी कागदावर बोजा नव्हता. लबाड माणूस पळून गेला आहे. दोन निर्दोषांपैकी नुकसान कोणी सोसायचे?

माझ्या मते टायटलचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. १९५२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’ने त्यावर एक मधला मार्ग सुचवला. गाडी दुसऱ्या राज्यात गेल्यावर सावकाराचा हक्क साधारण चार महिने टिकेल. तेवढ्या मुदतीत त्याने नव्या राज्यात नोंद करावी. या नियमाच्या तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण तत्त्व राहिले : जो सावध राहू शकतो, त्याने सावध राहावे.

१९/
चोरीच्या व्याख्येचाही प्रश्न सुटायचा होता. एक इसम दक्षिण कॅरोलायनात मालकाच्या संमतीनेच त्याची गाडी मित्रांना पोहोचवण्यासाठी घेऊन गेला. आणि परत आणण्याऐवजी थेट मेरीलँडमधील बाल्टिमोरला जाऊन त्याने ती विकून टाकली. गाडी त्याने ‘चोरली’ का? ती तर मालकानेच दिली होती.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये निर्णय दिला, की होय, ही चोरीच. मालकाला त्याच्या हक्कापासून वंचित करण्याच्या हेतूने गाडी हडपणे, मग सुरुवात कशीही झालेली असो, डायर अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याच्या हाती गाडीची किल्ली आहे, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, हे या खटल्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

२०/
कागद विश्वासार्ह व्हायचा तर गाडीची ओळखही पक्की हवी. ‘व्हीआयएन’, म्हणजे वाहन ओळख क्रमांक, सुरुवातीला प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देत असे. १९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत सतरा अक्षरांकांचा एकच नमुना सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी मिसळतात. नववे स्थान पडताळणीचे असते. बाकीच्या सोळा स्थानांवरून गणित करून ते तपासता येते.

गाडी किती धावली, याची नोंदही १९८६ च्या संघीय कायद्यानंतर टायटलवरच येऊ लागली. काटा मागे फिरवणे हा त्याआधी वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातला जुना धंदा होता.

२१/
तरीही एक भोक राहिलेच. अपघातात चेंदामेंदा झालेल्या किंवा पुरात बुडालेल्या गाडीच्या टायटलवर बहुतेक राज्ये तसा शिक्का मारतात. पण कोणता शिक्का कधी मारायचा, याचे नियम प्रत्येक राज्याचे निराळे. शिक्का असलेली गाडी सैल नियमांच्या राज्यात नेली, तर नवे टायटल कोरे निघू शके. या प्रकाराला अमेरिकेत चक्क ‘टायटल धुणे’ म्हणतात.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाने लुईझियाना आणि मिसिसिपीत लाखो गाड्या पाण्याखाली घालवल्या. त्यांतल्या अनेक गाड्या धुऊन-पुसून, नव्या कागदांसह दूरच्या राज्यांत विक्रीला आल्या. बाहेरून चकचकीत, आत वायरींना गंज.

२२/
यावरचा उपाय कागदावर आधीच तयार होता. काँग्रेसने १९९२ मध्ये कायदा करून सर्व राज्यांची टायटले जोडणारी राष्ट्रीय माहितीप्रणाली उभारण्याचे ठरवले होते. पण वर्षे उलटली, खाते बदलले, राज्ये एकेक करून संथपणे जोडली गेली आणि सामान्य ग्राहकाला ती माहिती पाहता येईना.

अखेर २००८ मध्ये ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर २००९ च्या जानेवारीत ही प्रणाली ग्राहकांना खुली झाली. कायदा झाल्यापासून ग्राहकाला त्याचा उपयोग होईपर्यंत सतरा वर्षे. दरम्यान कतरिना येऊन गेली होती.

२३/
आणि व्हरमाँटची गंमत. या छोट्या राज्यात पंधरा वर्षांहून जुन्या गाडीला टायटल लागत नसे. विक्रीची चिठ्ठी पाठवली की नोंदणी मिळे. विशेष म्हणजे अर्जदार व्हरमाँटचा रहिवासी असण्याचीही गरज नव्हती. त्यामुळे देशभरातील लोक टायटल हरवलेल्या जुन्या गाड्या टपालाने व्हरमाँटला ‘नोंदवत’ आणि ती नोंदणी दाखवून आपल्या राज्यात टायटल काढत. कोठारात सापडलेल्या जुन्या मोटारींच्या शौकिनांसाठी हा वरदहस्तच होता. चोरांसाठीही होता, हे ओघानेच आले. २०२३ मध्ये व्हरमाँटने परराज्यातील लोकांसाठी ही वाट बंद केली.

२४/
मग आज, सुरुवातीच्या त्या विद्यार्थ्यापुढे मार्ग कोणते? एक : विक्रेत्यालाच त्याच्या राज्यातून टायटलची दुसरी प्रत काढायला लावणे. हा सर्वांत सरळ मार्ग, आणि विक्रेता तो टाळत असेल तर तीच धोक्याची खूण. दोन : अनेक राज्यांत ‘बाँडेड टायटल’ मिळते. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा जामीन द्यावा लागतो आणि तो तीन वर्षे राहतो. त्या काळात खरा मालक आला तर त्याची भरपाई त्यातून होते. तीन : न्यायालयात जाऊन मालकी सिद्ध करणे.

आणखी एक सापळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. टायटल आहे, पण त्यावरचे नाव विक्रेत्याचे नाही. आधीच्या मालकाची सही आणि ग्राहकाची जागा कोरी. म्हणजे मधल्या विक्रेत्याने गाडी स्वतःच्या नावावर न करताच पुढे ढकलली. याला ‘टायटल जंपिंग’ म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे.

२५/
हे वाचून महाराष्ट्रातील वाचकाला काही आठवले असेल. आपल्याकडेही वापरलेल्या गाडीसोबत सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० फिरत असतात. तत्त्वतः आपली व्यवस्था वेगळी आहे. आपले आरसी बुक म्हणजे नोंदणीचा दाखला. गाडीची विक्री मात्र १९३० च्या माल विक्री कायद्याने होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल, तर तिथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. ही एनओसी म्हणजे डायर अ‍ॅक्टच्या काळातल्या त्याच भीतीवरचा आपला उपाय : राज्याची सीमा ही पळवाट ठरू नये.

२०१८ मधील एका खटल्यात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेक हातांत विकली गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्याच मालकाचे होते. अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. अमेरिकेत कागद न मिळाल्याने बहुधा घेणारा अडकतो. आपल्याकडे कागद न बदलल्याने विकणाराही अडकतो.

२६/
सारांश. मोटारीचा कागद चोराला रोखण्यासाठी जन्माला आला. पण चोर पुढे गेला, सावकाराने आपला हक्क कागदावर लिहून घेतला, राज्यांनी आपापले नियम राखले. आणि प्रत्येक वेळी जे नुकसान उरले, ते शेवटच्या ग्राहकाच्या वाट्याला आले. हा ग्राहक सहसा श्रीमंत नसतो. नवी गाडी परवडत नाही, म्हणून तो जुनी घेतो. आपल्या शहरात महाग मिळते, म्हणून दुसऱ्या राज्यात जातो. आणि भाव उतरलेला दिसतो, म्हणून कागदाचा आग्रह सोडतो. स्वस्तात मिळालेल्या गाडीत कागदाची किंमत वजा झालेली असते, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

२७/
म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर. ती गाडी त्या विद्यार्थ्याची आहे का? इंडियानातील विक्रेता खरा मालक असेल, गाडीवर बोजा नसेल आणि राज्याचा कायदा मवाळ असेल, तर बहुधा होय. पण ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. यांतली एकही अट ढळली, तर त्याच्याकडे आहे ती केवळ किल्ली.

तुमच्यापैकी जे परदेशी शिकायला जाणार आहेत किंवा गेले आहेत, त्यांनी हा धागा जपून ठेवावा. आणि इथल्या वाचकांना एक विनंती : घरातल्या जुन्या स्कूटरचे किंवा मोटारीचे आरसी बुक काढून पाहा. त्यावर नाव कोणाचे आहे, हस्तांतराच्या नोंदी किती आहेत, बोजा उतरवल्याची नोंद आहे का? सरकारी कागद कसा वाचावा, याचा सराव दप्तरखान्यात जाण्याआधी घरच्या कपाटापासून सुरू करता येतो. काही रंजक सापडले, तर खाली अवश्य लिहा.

(धागा समाप्त)